पडद्यामागचा जुळारी

कॉम्प्युटरवर 'वार्षिक' हा शब्द लिहिला की मशीनच्या पोटात सात चिन्हं साठतात: व, काना, र, पायमोड, ष, पहिली वेलांटी आणि क. पडद्यावर मात्र ती या क्रमाने येत नाहीत. र आपली जागा सोडतो, रफार होतो आणि पुढच्या ष च्या डोक्यावर जाऊन बसतो. ष नंतर टाइप केलेली वेलांटी मागे फिरून ष च्या आधी उभी राहते. आता 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द घ्या. पहिल्यात गुरुजी आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर जे ची कळ नुसती दाबली की र उमटतो, शिफ्टसह दाबली की ऱ. दोन शब्दांत फरक एवढ्या एकाच चिन्हाचा. य वर रफार चढवायचा, की य च्या अलीकडे तो चंद्रकोरीसारखा अर्धा र काढायचा, हे त्या चिन्हावरून ठरतं. मराठीत त्याने अर्थ बदलतो, हिंदीला त्याची गरजच पडत नाही. त्यामुळे हिंदी बिनचूक दाखवणारं सॉफ्टवेअर मराठीही बिनचूक दाखवेल याची खात्री नसते.

छापखान्यात हे काम जुळाऱ्याचं होतं. अर्धा ष, अर्धा ल, रफाराचा खिळा कुठल्या खणात आहे हे त्याच्या बोटांना ठाऊक असायचं. कॉम्प्युटरमध्ये हा जुळारी कुठे बसतो? त्याचं उत्तर शोधताना आपण एका मोठ्या गोष्टीत शिरतो. जगातले डेस्कटॉप आणि ते घडवणारी टूलकिट एकमेकांकडून काय काय घेत आली, त्याची ती गोष्ट आहे. या देवाणघेवाणीकडे बहुतेक वेळा 'कोणी कोणाची नक्कल केली' अशा भांडणाच्या सुरात पाहिलं जातं. मराठीच्या बाजूने पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. आपलं जोडाक्षर आज सगळीकडे नीट जुळतं ते या देवाणघेवाणीमुळेच.

आधी मजले समजून घेऊ. कॅल्क्युलेटरचा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस त्यातलं बटण स्वतः चितारत बसत नाही. 'इथे एक बटण हवं, त्यावर हा शब्द लिही, दाबलं की मला कळव' एवढंच तो सांगतो. बटणं, मेनू, सरकपट्ट्या, मजकुराच्या चौकटी असं सगळं तयार देणारा कोडचा संच म्हणजे टूलकिट. अशा प्रोग्रॅमना एकत्र नांदवणारा जो दृश्य संसार, म्हणजे खालची पट्टी, आयकॉन, फोल्डर, खिडक्यांच्या चौकटी, तो डेस्कटॉप. टूलकिटच्या खाली विंडो सिस्टिम असते. पडद्याचा कुठला तुकडा कुठल्या प्रोग्रॅमचा हे ती सांभाळते आणि माउस-कीबोर्डचे निरोप योग्य त्या प्रोग्रॅमला पोचवते. तिच्याही खाली यंत्र. जुळारी यांतल्या कुठल्याही मजल्यावर बसवता येतो. मराठीसाठी तो जवळजवळ प्रत्येक मजल्यावर बसवून पाहिला गेला आहे.

सगळ्यात खालच्या मजल्याचा प्रयोग होता जिस्ट कार्डाचा. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. सी-डॅकची स्थापना 1988 ची. डॉसच्या काळात पडदा म्हणजे अक्षरांच्या खणांचा तक्ता होता. प्रोग्रॅम प्रत्येक खणात एक आकडा टाकायचा आणि यंत्र त्या आकड्याचं अक्षर दाखवायचं. कॉम्प्युटरमध्ये बसवलेलं जिस्ट कार्ड या दोघांच्या मध्ये उभं राहायचं. वर वर्डस्टार किंवा डीबेस चालू असे. आपण मराठी दाखवतो आहोत याचा त्यांना पत्ताही नसे. खाली कार्ड त्या आकड्यांची देवनागरी जुळवून पडद्यावर पाठवी. एकही प्रोग्रॅम न बदलता सगळ्या प्रोग्रॅमना भाषा मिळाली. ही युक्ती लक्षात ठेवा; ती पुढे नवी मुंबईत पुन्हा भेटणार आहे.

विंडोज आलं आणि पडदा खणांचा राहिला नाही, ठिपक्यांचा झाला. प्रोग्रॅम स्वतःच अक्षरं रेखाटू लागले, तेव्हा मध्ये उभ्या राहणाऱ्या कार्डाला अडवायला काही उरलं नाही. जुळारी एकदम वरच्या मजल्यावर गेला. श्री-लिपी, आकृती, आयएसएम या पॅकेजांनी प्रत्येक अर्ध्या अक्षराला, रफाराला, वेलांटीच्या प्रत्येक रूपाला इंग्रजी अक्षरांच्या जागा दिल्या आणि कीबोर्डच्या सॉफ्टवेअरकडून त्या जुळवून घेतल्या. मराठी डीटीपीचा सगळा डोलारा यावर उभा राहिला, आणि त्या पॅकेजांनी मराठी छपाईची मोठीच सोय केली. पण साठत होते ते आकार, अक्षरं साठतच नव्हती. तो फॉन्ट दुसऱ्या मशीनवर नसला की अख्ख्या लेखाचा रोमन कचरा व्हायचा. शब्द शोधता यायचा नाही, यादी अकारविल्हे लावता यायची नाही. एका पॅकेजातला मजकूर दुसऱ्यात न्यायचा तर मध्ये कन्व्हर्टर लागायचा.

खरं तर अक्षरं साठवायची शिस्त तोवर तयार होती. आकार बाजूला ठेवून मूळ अक्षरांना आकडे द्यायचे, ही भारतीय मानक इस्कीची मांडणी 1988 ची. 1991 मध्ये ती सुधारून पुन्हा आली. जगभरच्या लिप्यांना आकडे देणाऱ्या युनिकोडच्या 1991 च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा तक्ता आला तो इस्कीच्या 1988 च्या मांडणीवरूनच. अक्षर साठवायचं कसं हे ठरलं, पण ते जुळवायचं कुणी हा प्रश्न तसाच राहिला. तोवर डेस्कटॉपच्या जगात उसनवारीचा बाजार जोरात सुरू झाला होता.

त्याची सुरुवात सगळ्यांना माहीत असते. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत 1973 मध्ये आल्टो हा कॉम्प्युटर तयार झाला. खिडक्या, माउस आणि मेनू यांचा संसार त्यावर मांडला गेला. 1979 च्या अखेरीस स्टीव्ह जॉब्ज ते काम पाहून आले, 1983 मध्ये ॲपलची लिसा आली आणि 1984 मध्ये मॅकिंटॉश. पुढे ॲपलने मायक्रोसॉफ्टवर रूप चोरल्याचा दावा लावला आणि तो हरली. ही कथा चवीने सांगितली जाते. मला तिच्यापेक्षा टूलकिटच्या पातळीवरची उसनवारी जास्त मोलाची वाटते, कारण तिथे रूपासोबत रीतही हातोहात जाते.

युनिक्स मशीनवर विंडो सिस्टिम होती एक्स. ती 1984 मध्ये एमआयटीत जन्मली. एक्सने बटण कसं दिसावं हे मुद्दामच ठरवलं नव्हतं. ते ठरवायला वर टूलकिट हवं, आणि मोटिफ हे त्यातलं वजनदार टूलकिट. मोटिफचं उठावदार, कडांना सावली असलेलं रूप आणि वागणं आयबीएम-मायक्रोसॉफ्टच्या प्रेझेंटेशन मॅनेजर या डेस्कटॉपच्या वळणाचं होतं. मोटिफला पैसे पडत. म्हणून बर्कलीतले पीटर मॅटिस आणि स्पेन्सर किंबॉल हे विद्यार्थी आपला चित्रांचा प्रोग्रॅम गिंप लिहिताना 1996 च्या सुमारास मोटिफ सोडून स्वतःचं टूलकिट करायला बसले. तेच जीटीके. त्याची सुरुवातीची बटणं पाहिली तर मोटिफचीच सावली दिसते. तिकडे नॉर्वेत ट्रोलटेक कंपनीने क्यूट हे टूलकिट आणलं. तोच प्रोग्रॅम विंडोजवर विंडोजसारखा आणि युनिक्सवर मोटिफसारखा दिसेल, असं दोन्ही रूपांचं सोंग त्याला येत होतं. 1996 मध्ये क्यूटवर केडीई हा डेस्कटॉप सुरू झाला. क्यूटचा परवाना तेव्हा पुरता मुक्त नव्हता, या आक्षेपातून 1997 मध्ये जीटीकेवर नोम हा दुसरा डेस्कटॉप उभा राहिला. भांडण कडाक्याचं होतं. तरीही प्रोग्रॅम मेनूत कसा नोंदवायचा याची फाइल केडीईकडून सुरू झाली आणि दोघांची झाली. प्रोग्रॅमनी एकमेकांना निरोप कसे द्यायचे याची केडीईची जी पद्धत होती, तिच्या अनुभवावर डी-बस ही सामायिक पद्धत बेतली गेली, आणि 2008 च्या केडीई 4 मध्ये केडीईने स्वतःची जुनी पद्धत सोडून तीच घेतली. हे सगळं मिटवायला आणि जुळवायला 2000 मध्ये फ्रीडेस्कटॉप नावाचा सामायिक ओटा बांधला गेला.

आता नवी मुंबईतलं खारघर. हार्बर मार्गावर खारघर स्टेशनासमोर, भारती विद्यापीठाजवळ रेनट्री मार्गावर सी-डॅकचं आवार आहे. पत्त्यावर सेक्टर 7, सीबीडी बेलापूर असं लिहिलेलं असतं. आधी ते एनसीएसटीचं, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचं होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) एका गटातून 1985 मध्ये ही संस्था निघाली. एस. रमाणी तिचे संस्थापक संचालक. मुख्यालय जुहूला, दुसरं आवार नवी मुंबईत. 2002-03 मध्ये ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. भारतीय लिप्या पडद्यावर आणण्याच्या कामात या संस्थेचा वाटा फार मोठा आहे, आणि मराठी वाचकांत त्याची ओळख जेवढी असायला हवी तेवढी नाही.

या संस्थेत र. कृ. जोशी होते. मराठी वाचक त्यांना कवी म्हणून ओळखतात, सुलेखनाच्या क्षेत्रात ते गुरुस्थानी. जाहिरात क्षेत्रात आणि मग आयआयटी मुंबईच्या आयडीसीत शिकवण्यात वर्षं घालवून ते एनसीएसटीत अक्षररचनाकार म्हणून काम करू लागले. विंडोज 2000 सोबत देवनागरीचा जो 'मंगल' फॉन्ट जगभर गेला, तो त्यांनी रचलेला. त्यांच्या 'रघु' मालिकेचे फॉन्ट संस्थेने मुक्त परवान्याखाली खुले केले. मंगलचं महत्त्व निव्वळ वळणात नाही. तो ओपनटाइप फॉन्ट होता. ओपनटाइप ही मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांची 1996 मध्ये जाहीर झालेली मांडणी. तिच्यात फॉन्टच्या आत तक्ते असतात: क, पायमोड आणि ष एकत्र आले तर हा क्ष चा आकार घ्या, र आणि पायमोड आले तर हा रफार घ्या, वगैरे. म्हणजे खिळ्यांच्या खणांना आता फॉन्टमध्ये चिठ्ठ्या लागल्या. पण तक्ते वाचून अक्षरांचा क्रम फिरवणारा जुळारी तरीही लागतोच. वेलांटी मागे न्यायची आणि रफार पुढे, हा क्रमबदल फॉन्ट करत नाही. विंडोजमध्ये ते काम युनिस्क्राइब नावाची लायब्ररी करू लागली. युनिक्सच्या वळणाच्या, मुक्त अशा लिनक्सवर तसं कोणी नव्हतं.

एनसीएसटीने त्यासाठी इंडिक्स हा प्रकल्प हाती घेतला. विचार सरळ होता. लिनक्सवर टूलकिट अनेक: मोटिफ, जीटीके, क्यूट, शिवाय जुन्या प्रोग्रॅमांत कुठलंच नाही. प्रत्येकाला देवनागरी शिकवत बसायचं तर आयुष्य पुरणार नाही. पण या सगळ्यांच्या खाली एक्स एकच आहे. प्रोग्रॅम एक्सला सांगतो, 'या फॉन्टमधली ही अक्षरं या जागी काढ', आणि फॉन्ट एक्सच्या सर्व्हरकडेच असतात. मग जुळारी एक्सच्याच पोटात बसवावा. ओपनटाइपचे तक्ते तिथेच वाचावेत, क्रम तिथेच फिरवावा. वरच्या प्रोग्रॅमांना हात लावायला नको, ते पुन्हा कंपाइल करायलाही नकोत. पुण्याच्या जिस्ट कार्डाने यंत्राच्या मजल्यावर जे केलं होतं, तेच इंडिक्सने विंडो सिस्टिमच्या मजल्यावर करून दाखवलं. ज्या देशात बावीसेक भाषांना घटनेत मान्यता आहे आणि प्रोग्रॅमर मूठभर, तिथे याहून शहाणा मार्ग सुचणं कठीण. मला हा आपल्या सॉफ्टवेअरच्या इतिहासातला अतिशय सुंदर विचार वाटतो.

पण ज्या वर्षांत हे काम चाललं होतं, त्याच वर्षांत एक्सचा स्वभाव बदलत होता. एक्सची जुनी अक्षरं करवतीसारखी दातेरी दिसत. विंडोज आणि मॅकवर अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसत, आणि लिनक्सवाल्यांना ते रूप हवं होतं. कीथ पॅकर्ड यांनी 2000 च्या आसपास रेंडर नावाची जोडणी आणि तिच्यावर एक्सएफटी ही लायब्ररी लिहिली. या नव्या रीतीत फॉन्ट सर्व्हरकडे राहिले नाहीत. टूलकिट स्वतः फॉन्टची फाइल उघडू लागलं, अक्षराचा गुळगुळीत ठसा तयार करू लागलं आणि सर्व्हरला फक्त ठसे पाठवू लागलं. क्यूटने 2001 मध्येच हे घेतलं, जीटीकेनेही पाठोपाठ घेतलं. सर्व्हरला आता 'क' दिसतच नव्हता, दिसत होते ठशांचे नंबर आणि त्यांच्या जागा. एक्सच्या पोटातला जुळारी तयार होता, कुशल होता, पण अक्षरं त्याच्या टेबलावरून जाईनाशी झाली. विंडोजने जिस्ट कार्डाचं जे केलं तेच इथे झालं. गुळगुळीत अक्षरांच्या हौसेपायी, म्हणजे दुसऱ्या डेस्कटॉपकडून घेतलेल्या एका गोष्टीमुळे, भारतीय लिप्यांचा अख्खा मार्ग वळला. उसनवारीचे परिणाम कुठवर पोचतात ते यावरून कळतं.

आता जुळारी टूलकिटच्या मजल्यावर आला, आणि इथे एकाचे चार झाले. जीटीकेसाठी ओवेन टेलर आणि राफ लेव्हियन यांच्या कामातून पँगो निघालं. 2002 च्या जीटीके 2 मध्ये ते आलं. क्यूटमध्ये लार्स नोल यांनी भारतीय लिप्यांची जुळणी लिहिली. हेच नोल केडीईच्या ब्राउझरमधल्या केएचटीएमएल इंजिनाचे एक प्रमुख कर्ते, त्यामुळे जगभरच्या लिप्यांची पानं त्यांच्यासमोर येतच होती. ओपनऑफिसने आयबीएमच्या आयसीयू या लायब्ररीतला जुळारी घेतला. मोझिला ब्राउझरमध्ये सन कंपनीच्या लोकांनी पँगोचा छोटा तुकडा कापून पँगोलाइट नावाने बसवला. वेगवेगळी दिसणारी ही घरं आतून नात्यातली होती. ओपनटाइपचे तक्ते वाचणारा कोड पँगोने आणि क्यूटनेही फ्रीटाइप या लायब्ररीच्या पहिल्या आवृत्तीतून उचलला होता. पँगोमधली भारतीय लिप्यांची जुळणी आयबीएमच्या आयसीयूमधून आली होती. त्या फाइलींच्या माथ्यावर आयबीएमचा स्वामित्वहक्क तसाच लिहिलेला होता.

उसनवारीची ही एक तऱ्हा झाली: कोड उचलून आपल्या घरी न्यायचा. हिच्यात एक खोट असते. नेलेला कोड त्या दिवसापासून वेगळा वाढायला लागतो. पँगोत कोणी ऱ्य ची चूक दुरुस्त केली तरी क्यूटमध्ये ती तशीच राहते. क्यूटमध्ये कोणी 'ट्र' सुधारला तर ओपनऑफिसला त्याचा उपयोग नाही. एकाच मशीनवर, एकाच फॉन्टमध्ये एकच शब्द ब्राउझरमध्ये बरोबर आणि पत्रात चूक दिसे, आणि वापरणाऱ्याचा राग बिचाऱ्या फॉन्टवर निघे. इंग्रजीला याची झळ नाही, कारण तिथे अक्षर जसं टाइप होतं तसं शेजारी ठेवलं की काम भागतं. जुळाऱ्याची गरज ज्या भाषांना, त्यांच्याच वाट्याला प्रत्येक टूलकिटची वेगळी चूक येते. आणि मराठीतला अर्धा र तपासणारे लोक किती? पुण्यात लिनक्स कंपनी रेड हॅटच्या कार्यालयात भारतीय भाषांवर काम करणारा गट होता, मुंबईत सी-डॅकची मुक्त सॉफ्टवेअर देशी भाषांत आणणारी मंडळी होती, काही स्वयंसेवक होते. तीच ती माणसं चार दारांवर तीच ती तक्रार नोंदवत राहणार. (रेड हॅटने 2004 मध्ये लोहित फॉन्ट खुले केले, त्यांचे मूळ आकार पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे, म्हणजे श्री-लिपीवाल्यांचे. ज्या घरात अर्धी अक्षरं इंग्रजीच्या जागी बसवली गेली होती, त्याच घरातून मुक्त डेस्कटॉपला देवनागरी मिळाली.)

2006 च्या सुमारास पँगो आणि क्यूट या दोन प्रतिस्पर्धी घरांनी जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात मोठं पाऊल वाटतं. दोघांनी आपापल्या घरी नेलेला तो एकाच मुळाचा कोड पुन्हा एका जागी आणला, फ्रीडेस्कटॉपच्या ओट्यावर ठेवला आणि त्याला हार्फबझ हे नाव दिलं. पुढे बेहदाद एस्फाहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रॅमरने तो मुळापासून नवा लिहायला घेतला. फारसी मातृभाषेच्या माणसाला जुळाऱ्याची किंमत सांगावी लागत नाही. त्याच्याही लिपीत अक्षर शेजाऱ्याला पाहून रूप बदलतं.

नवा जुळारी बरोबर जुळवतो की नाही हे ठरवायचं कसं? इथे उसनवारीची दुसरी तऱ्हा दिसते. कोडचं एक अक्षरही न पाहता नुसतं वागणं घ्यायचं. फॉन्ट बनवणारे सगळे आपला फॉन्ट विंडोजवर, युनिस्क्राइबमध्ये तपासून मगच बाहेर काढत. तेव्हा युनिस्क्राइब जे दाखवील तेच व्यवहारात प्रमाण. हार्फबझने विकिपीडियाच्या लेखांमधून लाखो शब्द गोळा केले, लिपीवार याद्या केल्या आणि प्रत्येक शब्द दोन्हीकडून जुळवून ठशांचे नंबर ताडून पाहिले. जिथे फरक निघेल तिथे कारण शोधायचं आणि पुन्हा यादी चालवायची. देवनागरीच्या यादीत न जुळणारे शब्द हळूहळू फारच थोडे उरले. प्रतिस्पर्ध्याच्या खोडीसुद्धा जशाच्या तशा उचलल्या गेल्या, कारण फॉन्ट त्या खोडी गृहीत धरून बनलेले होते. मंगलसारखे फॉन्ट ज्या युनिस्क्राइबवर तपासून निघाले, त्याची रीत अशी मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उतरली.

आणि मग घरं एकेक करून आली. पँगोने 2012 मध्ये आपली जुनी जुळणी मोडीत काढून नवा हार्फबझ घेतला. क्यूट आलं, फायरफॉक्स आणि क्रोम आले, अँड्रॉइड आलं. आयसीयूने आपला जुना जुळारी निवृत्त करून हार्फबझकडे बोट दाखवलं. 2017 च्या लिबरऑफिस 5.3 मध्ये विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे तोच आला. जावानेही त्याच वर्षी तोच घेतला, अडोबीची सॉफ्टवेअरही पुढे आली. नेरुळच्या कॉलेजातली मुलगी अँड्रॉइड फोनवर मराठीत निरोप वाचते, तिचे बाबा वाशीच्या ऑफिसात लिबरऑफिसमध्ये पत्र टाइप करतात, तेव्हा दोन्हीकडे 'आचाऱ्यांना' मधला अर्धा र जुळवणारा कोड एकच असतो. चूक सापडली तर ती एकाच दारावर सांगायची आणि दुरुस्ती यथावकाश सगळ्या घरी पोचते.

ब्राउझरच्या बाजूने एक मोठं वर्तुळही पुरं झालं. केडीईवाल्यांनी क्यूटवर लिहिलेलं केएचटीएमएल इंजिन ॲपलने उचललं आणि 2003 च्या सफारीत वापरलं. क्यूट तर मॅकवर नको होतं, म्हणून ॲपलने क्यूटसारखं बोलणारा एक पातळ थर मध्ये घातला. त्यातून वेबकिट झालं. 2008 मध्ये क्यूटनेच वेबकिट आपल्या आत घेतलं, म्हणजे नात वाढून आजोळी परत आली. गूगलने 2013 मध्ये वेबकिटमधून ब्लिंक काढलं, ते क्रोममध्ये आलं. आणि 2020 पासून मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझरही ब्लिंकवर, म्हणजे क्रोमियमवर, चालतो. म्हणजे विंडोजवर एजमध्ये मराठी बातमी उघडली की अक्षरं हार्फबझ जुळवतो. मायक्रोसॉफ्टचंच वागणं पाहून शिकलेला जुळारी मायक्रोसॉफ्टच्या घरी काम करतो आहे.

काम संपलेलं मात्र नाही. जुळाऱ्याला अक्षरं दिली की तो जुळवून देतो, पण मजकूर मराठी आहे की हिंदी हे त्याला टूलकिटने सांगावं लागतं. मराठी ल आणि श यांचं वळण हिंदीहून वेगळं. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि 'भाषा मराठी' असा निरोप आला की मराठी वळण पुढे येतं. हा निरोप देण्यात पुष्कळ प्रोग्रॅम आजही कुचराई करतात. पानाची किंवा मजकुराची भाषा नोंदवलेलीच नसते आणि मराठी वाचकाला हिंदी वळणाचा ल वाचावा लागतो. वेबसाइट चालवणाऱ्या मराठी संस्थांनी आपल्या पानांवर भाषा म्हणून मराठीची खूण घातली तर या घडीला एवढं तरी सुधारेल, आणि ते काम मिनिटभराचं आहे.

दुसरा प्रश्न कर्सरचा. 'क्ष' च्या मधोमध कर्सर थांबावा का? बॅकस्पेसने अख्खं जोडाक्षर जावं की शेवटचं चिन्ह? लांब नाव चौकटीत मावलं नाही तर कुठे तोडावं? हे जुळाऱ्याच्या अखत्यारीत येत नाही; प्रत्येक टूलकिट आणि ब्राउझर ते आपल्या मताने ठरवत आला. युनिकोडच्या जुन्या नियमाप्रमाणे क्ष चे दोन तुकडे धरले जात, क् एक आणि ष एक. त्यामुळे मोजणी चुके, आणि अक्षरांमध्ये अंतर पाडलं की जोडाक्षर फुटे. सप्टेंबर 2023 च्या युनिकोड 15.1 मध्ये नवा नियम आला: देवनागरीसह सहा भारतीय लिप्यांत पायमोडाने जोडलेली व्यंजनं एकच घटक धरायची. हा नियम आता एकेका लायब्ररीत, तिथून टूलकिटांत आणि तिथून डेस्कटॉपवर उतरतो आहे. कोणत्या प्रोग्रॅमपर्यंत तो पोचला हे पाहायचं तर 'क्षत्रिय' लिहावं, बाणाची कळ दाबत शब्दातून जावं आणि कर्सर किती ठिकाणी थांबतो ते मोजावं. तीन थांबे आले तर नियम पोचला. पाच आले तर तिथलं काम अजून व्हायचं आहे.